चुकणारं घड्याळ

फाईल उघडली तर पहिल्या ओळीतला पहिलाच आकडा ५५०५८.५. त्याच्या शेजारी आणखी आठ रकाने, सगळे दशांशात, मधूनच एखाद्या आकड्याआधी वजाचं चिन्ह. खाली अशाच हजारो ओळी. रकान्यांना नावं नाहीत, एककं नाहीत. सोबत भाचीचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप: "मामा, हा वेला एक्स-१. तू कंपनीत ट्रेंड बघतोस ना, तसा बघ आणि काय दिसतं ते सांग."

मी महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. राहायला बिरवाडीत. टेंपरेचर, प्रेशर, फ्लो, लेव्हल यांची मीटरं नीट ठेवायची आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्यांच्या रेषा कशा चालल्यात ते बघायचं, हा माझा धंदा. आकाशाशी संबंध म्हणाल तर सप्तर्षी, मृग आणि शुक्र ओळखता येतो तेवढाच. भाची पुण्यात एम.एस्सी. फिजिक्स करते. पल्सार असलेल्या जोडताऱ्यांच्या क्ष-किरणांची वर्षानुवर्षांची नोंद तपासायची, असा तिला प्रोजेक्ट मिळाला होता. रेषा बघायची सवय असलेला माणूस घरात आहे म्हटल्यावर तिनं मला कामाला लावलं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि हे तिला चांगलंच माहीत होतं.

जूनमध्ये ती सुट्टीला आली. पडवीत बसून तिनं पहिला धडा दिला. वेला एक्स-१ हे एकाचं नाव असलं तरी तिथे बिऱ्हाड दोघांचं आहे. एक तारा सूर्याच्या वीस-पंचवीसपट वजनाचा, रुंदीनं तीसेकपट. दुसरा न्यूट्रॉन तारा: वजन सूर्याहून जास्त आणि रुंदी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे आमच्या बिरवाडीपासून महाड ओलांडून पलीकडे जाईल एवढाच. मोठ्या ताऱ्यावरून सतत वारा सुटलेला असतो, दर वर्षी सूर्याच्या वजनाचा सुमारे दहा लाखावा भाग त्या वाऱ्याबरोबर जातो. त्यातलं थोडंसं न्यूट्रॉन ताऱ्याच्या तावडीत सापडतं. चुंबकीय क्षेत्र ते त्याच्या ध्रुवांकडे वळवतं आणि तिथे ते प्रकाशाच्या जवळजवळ निम्म्या वेगानं आदळतं. त्या आदळण्यात जी उष्णता होते तिचे क्ष-किरण बनतात. तारा स्वतःभोवती फिरत असल्यानं तो तापलेला ध्रुव आपल्याकडे येतो आणि जातो, म्हणून ठोका पडतो. असे ठोके देणारा तारा म्हणजे पल्सार. वेला एक्स-१ चा ठोका २८३ सेकंदांना एक.

"आणि हे दिसतं कुठून?" मी विचारलं. बाहेर काळ नदीच्या बाजूनं पाऊस असा चढला होता की समोरचं आंब्याचं झाडही नीट दिसत नव्हतं. आमच्याकडे जूनला आकाश जे बंद होतं ते दसऱ्याच्या आसपास उघडतं. वरंध घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्यानं खगोलशास्त्र करायचं म्हणजे वर्षातले चार महिने सुट्टीच, असं मला वाटत होतं.

तिनं सांगितलं की क्ष-किरणांना आपला पाऊस काय आणि निरभ्र आकाश काय, दोन्ही सारखंच. वातावरण ते वरच शोषून घेतं, जमिनीवर एकही पोचत नाही. म्हणून बघणारं यंत्रच वर पाठवावं लागतं. माझ्या फाईलमधले आकडे 'मॅक्सी' नावाच्या जपानी उपकरणाचे होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या जपानी भागाला, 'किबो'ला, ते बाहेरून जोडलेलं आहे. स्थानक दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं, त्याबरोबर मॅक्सीची नजर जवळजवळ सगळ्या आकाशावरून फिरते. कुठल्या ताऱ्याकडून किती क्ष-किरण आले ते लिहिलं जातं आणि कुणालाही उतरवून घेता येईल असं फुकट ठेवलं जातं. बिरवाडीत रेंज आली की जगातल्या कुठल्याही प्राध्यापकाकडे असलेला आकडा माझ्याही मोबाईलवर. हे पचायला मला वेळ लागला. आमच्या कंपनीत कालचं रीडिंग मिळवायलाही कुणाची तरी सही लागते.

आपला अ‍ॅस्ट्रोसॅटही यात आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून तो गेला. त्यावरचे क्ष-किरण मोजणारे मोठे झेनॉन वायूचे डबे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले आणि पुण्याच्या आयुकाचाही त्या मोहिमेत मोठा हात आहे. तो आपल्या डोक्यावरून जातो का, हे मी आधी विचारलं. जात नाही. त्याची कक्षा विषुववृत्ताला फक्त सहा अंश कललेली आहे. दक्षिण अटलांटिकवर विद्युतभारित कणांचा एक दाट पट्टा आहे, तो होता होईतो टाळायचा म्हणून. बिरवाडी अठरा अंशांवर, म्हणजे तो कायम आमच्या बराच दक्षिणेकडून जातो. जपानी उपकरण आमच्या गावावरून जातं आणि आपलं जात नाही, याची मला उगाचच चुटपुट लागली.

आता त्या फाईलकडे वळतो. ५५०५८ हा दिवसांचा आकडा आहे. खगोलशास्त्रज्ञ तारीख-महिना-वर्ष या भानगडीत पडत नाहीत. १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्रीपासून सलग दिवस मोजतात. ५५०५८ म्हणजे १५ ऑगस्ट २००९, मॅक्सीच्या नोंदी सुरू झाल्या तो दिवस. ६०००० म्हणजे २५ फेब्रुवारी २०२३. १८५८ का, तर ख्रिस्तपूर्व ४७१३ पासूनची जुनी दिवसगणना चालू होती, तिचे आकडे फार लांबलचक व्हायचे, म्हणून त्यातून चोवीस लाख आणि अर्धा दिवस वजा केला. ज्यांना दर महिन्याला तीस की एकतीस हे बोटांच्या पेरांवर मोजावं लागतं त्यांनी याला हसू नये. दोन नोंदींमध्ये किती दिवस गेले हे काढायला एक वजाबाकी पुरते, ही सोय मला पहिल्याच दिवशी पटली.

पटली नाही ती वजाची चिन्हं. दुसरा रकाना ताऱ्याच्या तेजाचा होता आणि काही दिवशी ते तेज शून्याच्याही खाली होतं. तारा उजेड देतो हे ठीक, पण उजेड घेतो कसा? त्यावर भाची हसली, पण उत्तर नीट दिलं. उपकरणात ताऱ्याचे क्ष-किरण येतात तसे इकडचे तिकडचेही येतात. ते इकडचे तिकडचे किती असतील याचा अंदाज करून एकूण आकड्यातून वजा करतात. न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याआड झाकलेला असला आणि अंदाज जरासा जास्त झाला, तर उत्तर शून्याखाली जातं. म्हणून तिसरा रकाना बघायचा. त्यात किती इकडेतिकडे होऊ शकतं ते लिहिलेलं असतं. वजा शून्य पूर्णांक एक शतांश आणि पुढे-मागे तीन शतांश, याचा अर्थ 'काही नाही'. आकडा एकटा वाचायचा नाही, शेजाऱ्यासकट वाचायचा.

यानंतर पुढचा प्रश्न मला आपसूक पडला, कारण तो माझ्या धंद्यातलाच होता. 'काही नाही' आणि 'नोंदच नाही' यांत फरक कसा करायचा? कारखान्यात मीटर शून्य दाखवत असलं तर तारेतून चार मिलिअँपिअर वाहतात, पूर्ण भरलं की वीस. चारवरून सुरू करण्याचं कारण एवढंच की शून्य मिलिअँपिअर आलं तर तार तुटलीय हे लगेच कळावं. टाकी रिकामी आहे आणि टाकीचं काय झालंय ते माहीत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की माणसं मरतात. फाईलमध्येही तसंच निघालं. तारा ग्रहणात असला तर ओळ आहे आणि आकडा शून्याच्या आसपास. सूर्य त्या बाजूला असला किंवा स्थानकाची सौरपंखं मध्ये आली, तर त्या दिवसाची ओळच नाही. ५५०६० नंतर थेट ५५०६४ असं कुठे दिसलं तर घाबरायचं नाही, आणि मधले दिवस आपल्या मनानं भरायचे तर मुळीच नाहीत.

सगळे आकडे आलेखावर टाकले तेव्हा मात्र पार निराशा झाली. शितोडे उडवल्यासारखे ठिपके. कधी वर, कधी खाली, अधूनमधून एकदम उंच. "यात काय ट्रेंड बघू?" मी म्हणालो. आमच्याकडे असा आलेख आला तर मी सरळ ट्रान्समीटर बदलतो.

"मामा, घडी घाल," ती म्हणाली.

घडी घालणं म्हणजे काय ते एक्सेलमध्येच कळलं. पहिल्या रकान्यातून ५५०५८.५ वजा करायचे. उरलेल्या दिवसांना ८.९६४ ने भागायचं, कारण ते दोन तारे एकमेकांभोवतीची फेरी तेवढ्या दिवसांत पुरी करतात. समजा उत्तर २७१.३६ आलं. त्यातले २७१ म्हणजे झालेल्या फेऱ्या, त्या सोडून द्यायच्या. .३६ म्हणजे चालू फेरीत न्यूट्रॉन तारा किती वाट चालून आलाय. आता आलेखाच्या आडव्या रेषेवर तारखेऐवजी हा दशांश मांडायचा. २००९ चा एक दिवस, २०१४ चा एक, गेल्या वर्षीचा एक, सगळे फेरीतल्या आपापल्या जागी येऊन बसतात.

एंटर दाबलं आणि शितोड्यांमधून आकार निघाला. फेरीच्या साधारण सहाव्या हिश्शात ठिपके सरळ तळाशी जाऊन बसले होते. दोन्ही बाजूंना कडा. दर फेरीत दीड-पावणेदोन दिवस न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याच्या मागे जातो आणि क्ष-किरण बंद होतात. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचं ग्रहण, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी पडवीत जुन्या लॅपटॉपवर बघत होतो. लाइट गेलेली होती, बॅटरी बारा टक्क्यांवर होती, म्हणून फार वेळ बघता आलं नाही.

लाइट आल्यावर भाचीनं ८.९६४ खोडून तिथे नुसते ९ लिहायला सांगितले. एका वर्षाच्या ओळी घेतल्या तर खड्डा होता, पण कडा फिसकटलेल्या. दहा वर्षांच्या घेतल्या तर खड्डा गायब. हिशोब सोपा आहे. फरक दर फेरीला ०.०३६ दिवसाचा. वर्षात चाळीसेक फेऱ्या, म्हणजे जवळपास दीड दिवसाची घसरण. दहा वर्षांत साडेचौदा दिवस, म्हणजे अख्खी दीड फेरी. वर्षभराच्या नोंदीला ९ आणि ८.९६४ यांत फारसा फरक कळत नाही. दहा वर्षांच्या नोंदीला तो असा कळतो की लपवता येत नाही. इतकी वर्षं रोज का मोजायचं, याचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं. रोजचं रीडिंग ढोबळच होतं. उत्तरातली बारकाई सगळी वर्षांनी आणली होती.

आता मला तो २८३ सेकंदांचा ठोका बघायचा होता. तो माझ्या फाईलमध्ये नव्हता. दिवसाला एकच आकडा असेल तर पावणेपाच मिनिटांची हालचाल त्यात कुठून दिसणार? त्यासाठी एकेक क्ष-किरण आल्याची वेळ लिहून ठेवणारं उपकरण लागतं. अ‍ॅस्ट्रोसॅटवरचे झेनॉनचे डबे ही वेळ सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापर्यंत लिहितात. अमेरिकेचा फर्मी उपग्रह २००८ पासून अशा कितीतरी पल्सारांच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून आहे. त्याचे आकडेही खुले आहेत.

ठोक्यांवरून जोडी ओळखायची युक्ती पहिल्यांदा लागू पडली ती सेंटॉरस एक्स-३ वर. क्ष-किरणांसाठीच सोडलेला पहिला उपग्रह उहुरू, डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून उडाला. त्याला या ताऱ्याचे ४.८ सेकंदांचे ठोके सापडले. बघता बघता लक्षात आलं की ठोक्यांमधलं अंतर जरा वाढतंय, जरा कमी होतंय, आणि हे २.१ दिवसांच्या चक्रात चाललंय. तारा आपल्याकडे येत असला तर ठोके दाटतात, लांब जात असला तर विरळ होतात. शिवाय प्रत्येक चक्रात साधारण अर्धा दिवस सगळं बंद. एका ठोक्याच्या हेलकाव्यावरून दुसरा न दिसणारा तारा, त्यांची कक्षा, वेग, वजनाचा अंदाज, सगळं हाती आलं. उहुरूमागच्या रिकार्दो जियाकोनींना २००२ चं नोबेल मिळालं.

इथपर्यंत मी पल्सारला घड्याळ समजत होतो, आणि उत्तम घड्याळ म्हणूनच लोक त्याच्या मागे आहेत असं धरून चाललो होतो. रेडिओ लहरी देणाऱ्या पल्सारांबद्दल ते बरोबरही आहे. भाचीनं वेला एक्स-१ च्या ठोक्याचा फर्मीचा आलेख लावला तेव्हा मी बुचकळ्यात पडलो. कक्षेचा हेलकावा आधीच काढून टाकलेला होता, तरी रेषा सरळ नव्हती. काही महिने ठोका जलद होत गेलेला, मग मंद, मग पुन्हा जलद. कुठेही नियम नाही. १९७० च्या दशकापासून तो २८३ सेकंदांच्या आसपासच घुटमळतोय. "हे घड्याळ तर चुकतंय," मी म्हणालो.

"म्हणूनच बघायचं," ती म्हणाली. "ते बरोबर चाललं असतं तर तू काय शिकला असतास?"

या कामातला गाभा मला वाटतं हाच. न्यूट्रॉन ताऱ्यावर जे पडतं ते फिरता फिरता पडतं. पडताना त्याची फिरकी ताऱ्याला मिळते. फिरण्याच्या दिशेनं आलं तर तारा जलद होतो, विरुद्ध दिशेनं आलं तर मंद. चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या मंद मालात अडकलं तरी वेग कमी होतो. म्हणजे ठोक्यातली चूक ही तिथे वर किती आणि कशा दिशेनं पडतंय याचीच नोंद. वेला एक्स-१ मध्ये वारा कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं वळतो, म्हणून ठोका भरकटतो. दुसऱ्या काही जोड्यांमध्ये मोठ्या ताऱ्याभोवती वायूची चकती असते आणि न्यूट्रॉन तारा लांबट कक्षेत फिरताना ठरावीक काळानं तिच्याजवळ येतो. ए ०५३५+२६ हा असाच, १११ दिवसांची फेरी, १०३ सेकंदांचा ठोका. बराच काळ मंद असतो, मग पेटतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तो असा पेटला की त्या काळात क्ष-किरणांच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ठिकाणांत त्याची गणना झाली. रोज कुणीतरी बघत असल्याखेरीज अशा ताऱ्याचं पेटणं वेळेवर कळत नाही.

याच ढकलाढकलीतून पुढे वेगळंच काही घडतं. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पल्सार सापडला, मिलिसेकंदांत फिरणारा पहिलाच. शोधणाऱ्यांत आपले कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते. एवढा वेग आला कुठून? त्याच वर्षी ज्यांनी याचं उत्तर मांडलं त्यांत बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले राधाकृष्णन आणि श्रीनिवासन होते. जोडीदाराचा माल अंगावर घेत घेत म्हातारा पल्सार पुन्हा पळू लागतो, असं ते उत्तर. पुरावा यायला १९९८ उजाडलं. जोडीदाराचा माल घेत असतानाच सेकंदाला ४०१ वेळा फिरणारा पल्सार क्ष-किरणांत सापडला, तेव्हा खात्री झाली.

हे सगळं ऐकल्यावर इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या मनात जो प्रश्न येतो तो माझ्याही आला: रेषा वाकली तर प्रोसेस वाकली की मीटर? आमच्याकडे संशय आला की ओळखीच्या प्रेशरवर लावून तपासतात. यांचं ओळखीचं प्रेशर म्हणजे खेकडा तेजोमेघ, क्रॅब. १०५४ साली फुटलेला दिसलेल्या ताऱ्याचा अवशेष, क्ष-किरणांत तेजस्वी आणि इतका स्थिर मानलेला की इतर ताऱ्यांचं तेज 'अमुक क्रॅब' असंच सांगायची पद्धत पडली. आणि मग २००८ ते २०१० या काळात फर्मीच्या आकड्यांत तो क्रॅबच सुमारे सात टक्क्यांनी उतरलेला दिसला. आधी उपकरणावर संशय. पण वेगवेगळ्या पद्धतीनं बांधलेल्या आणखी तीन उपग्रहांतही तोच उतार निघाला. म्हणजे मोजमापाचा दगडच झिजत होता. ही बातमी २०११ ची आहे, मला ती आत्ता कळली, तरी ऐकून माझी झोप उडाली. एका दगडावर सगळं गाव मापत बसायचं नाही, दोन-तीन वेगळ्या हातांनी मोजून बघायचं, हे आमच्याही धंद्यात शिकवतात. पाळत मात्र कुणी नाही.

उलटही होतं. स्थानकाच्या कक्षेचं प्रतल हळूहळू वळतं आणि ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे सत्तर दिवसांनी मूळ दिशेला येतं. त्यामुळे मॅक्सीच्या आलेखात कधीकधी सत्तर दिवसांची एक लाट उमटते. तारा त्यात काही करत नसतो. असा आकडा निघाला की पहिला जाब स्थानकाला विचारायचा.

पुढच्या मार्चमध्ये आकाश स्वच्छ होतं तेव्हा मी गच्चीवर गेलो. वेला एक्स-१ मधला मोठा तारा सातव्या प्रतीच्या आसपासचा आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, साध्या दुर्बिणीतून दिसतो. मार्चच्या शेवटी रात्री सव्वानऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, पोलादपूरच्या डोंगरांवर क्षितिजापासून तीस अंशांवर येतो. सुहैल म्हणून एक चांगला ठळक तारा आहे, तो धरायचा आणि तिथून तीन अंश वर सरकायचं, दुर्बिणीच्या एकाच घेऱ्यात दोन्ही मावतात. एमआयडीसीच्या दिव्यांची झाक होती, तरी नकाशाशी ताडून तो सापडला. एक बारीक ठिपका. त्या ठिपक्याकडे बघून कुणालाही काही कळणार नाही, मलाही कळलं नाही. मला त्याच्याबद्दल जे काही माहीत होतं ते सगळं एक्सेलमधून आलेलं होतं.

भाचीचा प्रोजेक्ट संपला. मी अजून आकडे उतरवतो, पण आता माझं लक्ष दुसऱ्याच एकावर आहे: ४यू १६२६-६७. ठोका ७.७ सेकंदांचा. जोडीदार एवढासा की दोघांची फेरी बेचाळीस मिनिटांत पुरी होते. हा ठोका १९७७ मध्ये सापडला तेव्हा तारा जलद होत होता. १९९० च्या सुमारास उलटला आणि मंद होऊ लागला. अठरा वर्षं मंद होत राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत पुन्हा उलटला. पंधरा वर्षं जलद होत गेला. २०२३ मध्ये परत मंद. वेला एक्स-१ चा ठोका महिन्या-महिन्याला मन बदलतो, याचा एकेक निर्णय माणसाच्या अख्ख्या नोकरीएवढा टिकतो.

एवढ्या लांबीची नोंद कुठल्याही एका उपग्रहाच्या आवाक्यातली नाही. एकानं ठोका शोधला, दुसऱ्यानं मोजत ठेवला, तो बंद पडायच्या आत तिसरा वर गेला. कॉम्प्टनवरचं बॅट्सी १९९१ ते २०००, रॉसी १९९५ अखेरपासून २०१२ पर्यंत, २००४ पासून स्विफ्ट, २००८ पासून फर्मी, २००९ पासून मॅक्सी. आपलीही रांग आहे. १९७५ च्या आर्यभट्टावर क्ष-किरणांचा प्रयोग होता, वीजपुरवठा बिघडल्यानं तो काही दिवसांतच थांबला. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या दूरसंवेदन उपग्रहावर टाटा संस्था आणि इस्रो यांचे क्ष-किरण मोजणारे डबे गेले, त्यांनी पल्सारही मोजले. मग पाच वर्षांसाठी आखलेला आणि त्यानंतरही चालत राहिलेला अ‍ॅस्ट्रोसॅट. १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट. त्यावरचं एक उपकरण तर एकाच ताऱ्याकडे दीर्घकाळ बघत राहावं म्हणूनच बनवलेलं आहे. ही कामं करणाऱ्या सगळ्यांना आपल्या हयातीत वळण दिसलंच असेल असं नाही. अठरा वर्षांतली सलग दहा वर्षं एखाद्यानं फक्त 'मंद होतोय, मंद होतोय' एवढंच लिहिलं असेल.

२०२३ ला तो का उलटला, हे मी भाचीला विचारलं. तिनं तिच्या गाईडना विचारलं. माल येण्याचं प्रमाण बदललं, भोवतीची चकती वाकली, अशी उत्तरं आहेत, त्यांतल्या एकावरही शिक्कामोर्तब झालेलं नाही. मला उलट बरं वाटलं. आमच्या लॉगबुकात कारण न कळलेल्या रीडिंगपुढे 'अंडर ऑब्झर्वेशन' लिहितात, खाली सही करतात आणि पुढच्या शिफ्टच्या हवाली करतात. आधीच्या दोन चालींकडे बघितलं तर पुढचं वळण २०४० च्या आसपास यायला हवं, पण तारा तसा बांधलेला नाही. मी तोवर रिटायर झालेला असेन, भाची चाळिशीला टेकलेली. तिला सांगून ठेवलंय, वळला की मध्यरात्री असली तरी फोन कर.